सहलीचं घड्याळ सूर्यास्तापासून उलटं लावा



डिसेंबर लागला की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर सहलीचा विषय निघतोच. यंदा एका सूनबाईंनी लिहिलं, "काकू, या वर्षी बार्बेक्यू करू या. दर वर्षी तेच पुरी-श्रीखंड नको." पाच मिनिटांत ग्रुपवर दोन पक्ष पडले. एकीने लिहिलं, निखाऱ्यावर भाजणं म्हणजे अग्निकायाची केवढी विराधना! दुसरीने लिहिलं, मग घरी गॅस पेटवत नाही का? तिसरीने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि गप्प बसली. मीही गप्प बसले, पण माझं कारण वेगळं होतं. मला गेल्या वर्षीची सहल आठवली.

गेल्या वर्षीचं नियोजन माझ्याकडे होतं. मी बी.कॉम. आहे, हिशोब चोख ठेवते, म्हणून असली कामं माझ्याकडेच येतात. वेल्ह्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक छान जागा ठरवली होती. नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. "जैन जेवण मिळेल" असं फोनवर त्यांनी सांगितलं आणि मी तेवढ्यावर भागवलं. दुपारचं जेवण हलकं आणि संध्याकाळी पाचला मोठं, असं ठरलं होतं. पाचचे सव्वासहा झाले. ताटं आली तेव्हा सूर्य मावळून गेला होता. ज्यांचा चोविहार नव्हता त्या जेवल्या. आमच्या मोठ्या काकींनी हात जोडले, पच्चक्खाण घेतलं आणि खुर्चीवर शांत बसून राहिल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, मधुमेहाची गोळी घेतलेली आणि दुपारी खाल्लेला एक खाकरा.

परतीच्या वाटेवर, नसरापूर यायच्या आधी, बसमध्ये काकींना घाम फुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. साखर उतरली होती. त्यांच्या सूनबाई रडकुंडीला आल्या, "देऊ का गं काही तोंडात? त्या नको म्हणतायत." शेवटी आम्ही दोघींनी बळेच ग्लुकोजचं पाणी पाजलं. दहा मिनिटांत काकी सावरल्या आणि मग रडायला लागल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सूर्यास्तानंतर तोंडात काही गेलं होतं.

नंतर महाराज साहेबांना विचारलं. ते म्हणाले, पच्चक्खाणात आगार असतात. जिवावर बेतलं असता औषध म्हणून घेतलेल्याने नियम भंगत नाही, मनात शंका ठेवू नका. काकींनी ते ऐकलं, मान डोलावली. पण मला माहीत आहे, ती रात्र त्या विसरलेल्या नाहीत. मीही नाही.

म्हणून आज जे लिहिते आहे ते नुसत्या बार्बेक्यूबद्दल नाही. माझं मत असं आहे की सहल नीट आखणं हीच आपली जयणा आहे. जयणा म्हणजे फक्त पुंजणीने जमीन पुसणं नाही. आपल्या हातून कुणाला, मग ती मुंगी असो की मोठ्या काकी, त्रास होऊ नये म्हणून आधीपासून केलेला विचार म्हणजे जयणा. आणि सहल यशस्वी झाली की नाही ते फोटो किती आले यावरून ठरत नाही. सगळ्यात जास्त नियम पाळणारी बाई पोटभर जेवून, निवांत मनाने घरी पोचली का, यावरून ठरतं.

"एवढं सगळं पाळणाऱ्या आपल्यात आहेतच किती?" असं कुणी म्हणेल. आमच्या अडतीस जणींत कडक चोविहार करणाऱ्या चौघीच होत्या. पण हिशोब करा. साडेचारला जेवण ठेवलं तर चौतीस जणींचं काय नुकसान होतं? काहीच नाही. आणि सव्वासहाला ठेवलं तर चौघींचं सगळंच जातं. चौघींसाठी आखलेली सहल अडतीस जणींना चालते. चौतीस जणींसाठी आखलेली सहल चौघींना उपाशी ठेवते. यात मतं मोजायची नसतात.

दिवस कसा निवडावा

आपल्या भोर-वेल्ह्याचं सौंदर्य पावसाळ्यात असतं, असं पुण्याची माणसं म्हणतात. वरंधा घाट, मढे घाटाचा धबधबा, राजगड-तोरण्याभोवतीचं धुकं. शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. माझं स्पष्ट मत आहे की आपण पावसाळ्यात सहल काढू नये. चातुर्मासात साधू-साध्वीसुद्धा विहार थांबवतात, कारण पावलोपावली जीव उत्पन्न झालेले असतात. आणि धर्माचं कारण बाजूला ठेवलं तरी माणसाच्या जिवाचं कारण आहेच. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. पाणी वरून अचानक वाढलं की पळायलाही वेळ मिळत नाही.

आणि उन्हाळ्यात तरी पाणी सुरक्षित असतं का? मे २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्यात एकाच घरच्या पाच तरुण बायका बुडाल्या. धरणाच्या काठाचं पाणी वरून संथ दिसतं. पण खाली गाळ असतो, उतार एकदम खोल जातो. एकीचा पाय घसरला की दुसरी तिला धरायला जाते. त्यामुळे आमच्या सहलीचा पहिला नियम असा केला की पाणी लांबून बघायचं, पाय भिजवायलाही उतरायचं नाही. काहींना राग आला. येऊ दे.

तर कार्तिकी पौर्णिमेनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. त्यातही पंचांग बघून अष्टमी-चतुर्दशी टाळा. त्या दिवशी निम्म्या जणींची हिरवी भाजी बंद असते, मग भाजायचं काय?

वेळापत्रक उलटं लिहा

बहुतेक जणी सहल सकाळपासून आखतात. किती वाजता निघायचं, मग नाश्ता, मग खेळ, आणि शेवटी जे उरेल त्यात जेवण. मी यंदा वहीच्या तळापासून लिहायला घेतलं. जानेवारीच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. सूर्यास्ताआधी दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, जेवण आटोपणाऱ्याही आपल्यात आहेत. म्हणजे ताटं उचलायची वेळ साडेपाचच्या आत हवी. भोरला पोचायला दीड तास. डोंगराच्या कुशीत ऊन लवकर जातं आणि गारठा पडतो, म्हाताऱ्या माणसांना तो सोसत नाही.

असं मागे मागे येत हे ठरलं: पावणेसातला घर, सव्वापाचला बस सुटणार, सव्वाचार ते पाच शेवटचं खाणं, अडीचला एक सामायिक, पाऊणला मुख्य जेवण, अकराला निखारे पेटणार, सव्वादहाला पोचणार, साडेआठला निघणार. सकाळी सव्वासातच्या आसपास सूर्योदय, त्यात नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटं धरली की आठ. म्हणजे नवकारशी पारून, चहा घेऊनच बायका बसमध्ये बसतात. उपाशीपोटी घाटरस्त्याला लागायला नको.

आणि प्रत्येक टप्प्यात अर्धा तास मोकळा ठेवा. कॉमर्सच्या भाषेत त्याला तरतूद म्हणतात. बुडीत कर्जाची तरतूद करतो तशी उशिराची तरतूद करायची. यंदा कोळसा पेटायलाच चाळीस मिनिटं लागली, पण दिवस बिघडला नाही, कारण तो अर्धा तास वहीत आधीच होता.

बार्बेक्यूला "हो", पण

आता मूळ भांडणाकडे येते. मी ग्रुपवर दोन दिवसांनी "हो" लिहिलं. का ते सांगते.

गृहस्थाच्या घरात चूल पेटतेच. रोज गॅसवर पोळ्या भाजणाऱ्या आपण निखाऱ्यावर मक्याचं कणीस भाजलं म्हणजे आभाळ कोसळत नाही. विराधना आहे, ती कबूल करावी, आलोचना घ्यावी. पण "नाही" म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. आपण नाही म्हटलं म्हणून सुना-मुली बार्बेक्यू सोडत नाहीत. त्या मैत्रिणींबरोबर दुसरीकडे जातात, जिथे त्याच जाळीवर आधी काय भाजलं होतं ते कुणी विचारत नाही. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या जाळीवर, आपल्या पद्धतीने होऊ दे.

पण तीन अटी मी घातल्या.

पहिली अट, दिवसाउजेडी. मुली म्हणाल्या, काकू, बार्बेक्यूची मजा संध्याकाळी असते, शेकोटी, दिवे. मी म्हटलं, दिवे लावले की पाखरं येतात आणि ती त्या निखाऱ्यावर पडतात. आपण भाजतो ती ढोबळी मिरची, आणि सोबत काय काय भाजलं जातं ते अंधारात दिसत नाही. रात्रिभोजन नको म्हणणाऱ्यांनी हेच तर बघितलं होतं. यावर कुणी वाद घातला नाही.

दुसरी अट, जे उघडून बघता येत नाही ते भाजायचं नाही. वरंधा घाट उतरून रायगडात गेलं की थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून बाहेरून जाळ करतात. आपण त्यातले बटाटे आणि बाकीचं वगळलं तरी शेंगा तशाच बंद जातात. आपण घरी मटार सोलताना एकेक शेंग बघतो, एखादी अळी दिसली तर अलगद बाजूला ठेवतो. मग न उघडलेली शेंग मडक्यात कशी घालायची? पुरंदर-बारामतीकडच्या हुरड्याचंही तेच, कणसात काय बसलंय ते आधी झटकून, निरखून घ्यायला हवं. म्हणून आमच्याकडे मका सोलून, केस काढून, उन्हात फिरवून बघितला. ढोबळी मिरची चिरून बघितली. कॉलीफ्लॉवर, मशरूम आणि वांगं यादीतच नव्हतं. कच्ची केळी मात्र सालासकट निखाऱ्यात घातली. साल काळं पडलं की आतला गर मऊ लागतो. मीठ, जिरेपूड, लिंबू घालून खाल्ली तर बटाट्याची आठवण होत नाही. पनीर आणि अननसाच्या फोडी मुलींसाठी.

तिसरी अट, मसाला घरचा. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, जैन नव्हे. बार्बेक्यूच्या तयार मसाल्यांत लसणाची आणि कांद्याची पूड असते, मागची बारीक अक्षरं वाचा. आणखी एक गोष्ट खूप जणींच्या लक्षात येत नाही. तंदुरी मसाला करताना दह्यात भाजलेलं बेसन घालतात. कच्चं दही आणि बेसन म्हणजे द्विदल झालं! मी दही वगळलंच. तेल, लिंबू, तिखट, धणे-जिरे, ओवा, सैंधव, आणि ताज्या आल्याऐवजी सुंठ. एवढ्यावर चव छान येते. दही घालायचंच असेल तर बेसन सोडा.

धूर आणि ठिणगी

जागा निवडताना आपण फक्त देखावा बघतो. मी यंदा तीन गोष्टी आधी जाऊन बघितल्या: स्वच्छतागृह किती आणि कसं, सावली किती, आणि विस्तव कुठे पेटणार.

अडतीस बायकांना एक स्वच्छतागृह पुरत नाही. बायका मग दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी जाऊन आजारी पडतात. निदान तीन हवीत, त्यातलं एक कमोडचं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी. याबद्दल बोलायला लाजू नका.

विस्तवाचं म्हणाल तर जानेवारीपासून आपल्या डोंगरांवरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. एक ठिणगी उडाली तर वणवा लागतो आणि त्यात किती जीव जातात त्याची मोजदाद नाही. घरटी, सरडे, ससे, झाडांची रोपं, सगळं. राखीव जंगलात अशी आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हाही आहे. दुसरं, किल्ल्यांच्या कड्यांना आणि मोठ्या झाडांना आग्या मोहोळं असतात. खाली धूर झाला की माशा चवताळतात. आपण मध खात नाही ते त्यांना त्रास नको म्हणून, आणि सहलीला जाऊन धूर देऊन त्यांचं घर उठवायचं? म्हणून किल्ल्यावर, जंगलात, धरणाकाठच्या गवतात बार्बेक्यू नको म्हणजे नको.

आम्ही मार्गासनीच्या पुढे, साखरच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबाचं अंगण घेतलं. समोर राजगड. भातझोडणी होऊन गेलेली, शेणाने सारवलेलं खळं मोकळं होतं. गवताची काडी नाही. आदल्या दिवशी वर डोकं करून आजूबाजूच्या झाडांवर पोळं नाही ना, ते बघून घेतलं. खळ्याच्या मधोमध दोन लोखंडी शेगड्या ठेवल्या, बाजूला पाण्याची बादली आणि मातीचं घमेलं. शेवटी उरलेले निखारे टाकून दिले नाहीत. घरच्या वहिनींनी ते आपल्या बंबात घेतले, त्यांचं संध्याकाळचं पाणी तापलं.

बायकांची सहल, बायकांचीच दमछाक

हे वाक्य जरा टोचेल, पण लिहिते. आपल्यात रात्रीचं ओलं अन्न दुसऱ्या दिवशी चालत नाही, ते वाशी होतं. म्हणून सहलीच्या दिवशी आपण पहाटे चारला उठतो, पुऱ्या तळतो, भाजी करतो, डबे भरतो आणि बसमध्ये बसल्या बसल्या झोपतो. पुरुषांच्या सहलीत असं होतं का? नियम मोडायचा नाही, पण नियम पाळायचं सगळं ओझं एकाच खांद्यावर कशाला?

तोडगा साधा आहे. घरून फक्त कोरडं न्यायचं: खाकरे, शेव, चिवडा, शंकरपाळे. हे चार दिवस आधी, दुपारच्या निवांत वेळी होतं. ताजं ते तिथेच करून घ्यायचं. खळ्याच्या वहिनी आणि त्यांच्या दोघी जावा यांनी तांदळाच्या आणि नाचणीच्या भाकऱ्या, पिठलं आणि इंद्रायणीचा भात केला. आम्ही आदल्या आठवड्यात जाऊन समजावून सांगितलं होतं. आपली भांडी, आपलं तेल, गाळलेलं पाणी, कांदा-लसूण-बटाटा काही नाही. "लसूण नाही तर ठेचा कसला?" असं त्यांनी विचारलं. मग भाजलेल्या मिरच्या, शेंगदाणे, तीळ आणि मीठ घालून केला आणि चाखून स्वतःच म्हणाल्या, "चालंल की!"

एकच ठिकाण सांभाळायचं होतं. पिठलं-भाकरीबरोबर ताक आलंच. बेसनाच्या पिठल्याबरोबर कच्चं ताक म्हणजे पुन्हा द्विदल. म्हणून ताक आधी चांगलं तापवून मग त्याची कढी केली. कुणाला काही कमी पडलं नाही.

उकाळलेल्या पाण्याचं लक्षात ठेवा. हिवाळ्यात ते चार प्रहर चालतं, म्हणजे सकाळी सातला उकळलेलं परतीपर्यंत पुरतं. दोन पिंप वेगळी, झाकणावर खूण केलेली. ताटं आम्ही घरून स्टीलची नेली. थाळी धुऊन पिणाऱ्यांना सोय झाली, आणि ज्या पीत नाहीत त्यांचंही उष्टं दोन घडींच्या आत उचललं, धुतलं गेलं. मागे कागदी डिश, प्लास्टिकचे चमचे काही उरलं नाही. बनेश्वरच्या झाडीत रविवार संपल्यावर काय पडलेलं असतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळचं इतकं देखणं देवस्थान, पण माणसं येतात आणि कचरा ठेवून जातात.

हिशोब

आता माझा आवडता भाग. बसचं भाडं ठरलेलं असतं. तीस आल्या काय, अडतीस आल्या काय, तेवढंच. शेवटच्या दिवशी आठ जणी गळाल्या की बाकीच्यांवर बोजा पडतो. म्हणून आधी पैसे, मग नाव. प्रत्येकी ५५० रुपये ठेवले. अडतीस जणींचे २०,९०० जमा झाले. खर्च असा: बस ८,५००, जागा आणि स्वयंपाकाची मजुरी ५,०००, किराणा, भाजी, पनीर, फळं ५,४००, कोळसा आणि किरकोळ ६००. एकूण १९,५००. शिल्लक १,४०० जीवदयेच्या पेटीत टाकले. सगळा हिशोब दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर टाकला.

यातली एक गोष्ट ग्रुपवर टाकली नाही. दोघींना हे पैसे जड होते. त्यांच्या नावाचे पैसे एका पाकिटातून आले, पाकिटावर नाव नव्हतं. मला ते कुणाचं ते कळलं नाही आणि मी शोधलंही नाही. ज्या सहलीत परवडत नाही म्हणून कुणी घरी राहतं ती सहल तोट्यात गेली असं मी धरते, वहीत शिल्लक कितीही दिसो. आणि मजुरीत घासाघीस करू नका. आपण ज्या खळ्यावर बसून दिवसभर हसलो ते कुणाचं तरी घर आहे.

सोबत ठेवायच्या गोष्टी: ज्यांना मधुमेह, रक्तदाब, दमा आहे त्यांची यादी, औषधांच्या वेळा आणि घरचे फोन नंबर, कागदावर लिहून. वेल्ह्याच्या खोऱ्यात मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही. १०८ ला फोन लावायचा तर रेंज कुठे येते ते आधी बघून ठेवा. जवळचा दवाखाना रविवारी उघडा असतो का तेही विचारून ठेवा.

मोठ्या काकी

मोठ्या काकी यंदा येणार नव्हत्या. "तुम्ही जा, माझ्यामुळे तुमचा खोळंबा," असं म्हणाल्या. मी घरी जाऊन त्यांना वही दाखवली, तळापासून वर लिहिलेली. त्यांनी चष्मा लावून वाचली. काही बोलल्या नाहीत, पण सकाळी सव्वाआठला बसपाशी उभ्या होत्या, हातात बटव्यात मुहपत्ती आणि कटासणं.

मक्याची कणसं कमी पडली, एक शेगडी वाऱ्याने दोनदा विझत आली, खो-खो खेळताना एकीचा पाय मुरगळला. सगळं सुरळीत झालं असं नाही. पण पाऊणला काकींच्या पुढे गरम नाचणीची भाकरी होती. साडेचारला त्यांनी केळं आणि दोन शंकरपाळे खाल्ले, गोळी घेतली. पाच वाजता पाणी प्यायल्या, खळ्यावर कटासणं टाकून बसल्या आणि पच्चक्खाण घेतलं. राजगडावर अजून ऊन होतं. बार्बेक्यूचा हट्ट धरणारी तीच सूनबाई त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काकी, मलाही द्या आजच्या दिवसापुरतं." तिने पुढे रोज केलं की नाही ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही.

बसमध्ये चढताना काकी मला म्हणाल्या, "आज घड्याळ तूच बघितलंस गं. मी एकदाही नाही बघितलं."

माझ्यासाठी गेल्या वर्षीची बाकी तेवढ्यात फिटली असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी जिच्याकडे नियोजन जाईल तिने एवढं जरूर करावं: वही उघडून आधी तळाला सूर्यास्ताची वेळ लिहावी, आणि तिच्या शेजारी मंडळातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव. मग वर वर लिहीत जावं.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.